नव्या शहराचं दफ्तर कोणाच्या ताब्यात?

साशंक: नवी मुंबईला स्वतःचं सार्वजनिक पुराभिलेखागार हवं, असं तुम्ही म्हणता तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो या शहराच्या वयाचा. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७०ची. महापालिका १ जानेवारी १९९२ला सुरू झाली, पनवेलची तर २०१६ साली. पहिल्यांदा राहायला आलेली कितीतरी माणसं अजून हयात आहेत. दुसरीकडे राज्याचं पुराभिलेखागार फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, त्याचं मूळ १८२१च्या रेकॉर्ड ऑफिसात. पुण्याला पेशवे दफ्तर आहे. वांद्र्याला नवं पुराभिलेख भवन बांधायची घोषणाही सरकारने केली आहे. या जुन्या संग्रहांनाच मोडी वाचणारी माणसं आणि जीर्ण कागद सांधणारे हात पुरत नाहीत. तिथे पैसा घालायचा सोडून पन्नास-पंचावन्न वर्षांच्या फायलींसाठी नवा खर्च कशाला?

आग्रही: शहर नवं असेल, पण ज्या ९५ गावांच्या जमिनीवर ते उभं राहिलं ती गावं कालची नाहीत. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतला सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा टापू नव्या शहरासाठी ठरला. एका पिढीच्या डोळ्यांदेखत भातशेती, शिलोत्री खारजमिनी, मिठागरं आणि खाडीकाठचे कोळीवाडे असा सबंध मुलूख पालटला. तो कसा होता, हे आज कुठे वाचणार? गॅझेटिअरमध्ये ढोबळ चित्र मिळतं. बांधाबांधाने वाचायचं तर ते भूसंपादनाच्या फायलींतच मिळेल. १८९४च्या कायद्याप्रमाणे कलम ४ची अधिसूचना, कलम ६चा जाहीरनामा, कलम ९ची नोटीस, संयुक्त मोजणी, पंचनामा, मग कलम ११खालचा निवाडा. मोबदला कमी वाटला तर कलम १८खाली न्यायालयात जायचं. यातले पंचनामे काढून बघा. त्यात झाडं मोजतात, विहीर कच्ची की पक्की ते लिहितात, जमीन पिकती की खार ते नोंदवतात. पैशाच्या हिशेबासाठी केलेली ही मोजदाद आता त्या मुलखाचं शेवटचं तपशीलवार वर्णन ठरली आहे. तिला कोणी इतिहास म्हणून लिहिलं नव्हतं, म्हणून तर ती जास्त मोलाची.

आणि हे कागद एका जागी नाहीत. ठाणे तालुक्यातल्या गावाचा जुना अभिलेख ठाण्याला. पनवेल-उरणचा अलिबागला, कारण ते तालुके कुलाबा जिल्ह्यातले. रायगड हे नाव १९८१चं. संपादनाची प्रकरणं मेट्रो सेंटर म्हणतात त्या भूसंपादन कार्यालयांत, भूखंडवाटपाची सिडकोत, बांधकाम परवानग्यांची महापालिकेत, धोरणाची मंत्रालयात. एका घराण्याची तीन पिढ्यांची गोष्ट जुळवायची तर एवढे उंबरे झिजवावे लागतात.

वयाचं म्हणाल, तर कागदाच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. पेशवाईतला कागद हातकागद, शाई काजळीची. कोरड्या जागी राहिला तर तो अडीचशे वर्षांनंतरही स्वच्छ वाचता येतो. १९७० नंतरचा सरकारी कागद लाकडाच्या लगद्याचा, स्वतःतल्याच आम्लाने पिवळा पडून तुकडे होणारा. त्यावर कार्बन प्रती, सायक्लोस्टाइलचे उतारे. नकाशे अमोनिया प्रिंटवर, उजेडात ठेवले की रेषा पुसट होत जातात. नंतरच्या फॅक्सचा गुळगुळीत कागद तर काही वर्षांत कोरा पडतो. वर खाडीची दमट, खारी हवा. आपण जुनं आधी जपू, नवं नंतर बघू म्हणतो. आणि नवं आधी संपतं.

साशंक: कागद नाजूक आहे हे मान्य. पण मग उपाय इमारत कसा? स्कॅन करा. महसूल खात्याने जुने सातबारे, फेरफार, कडईपत्रकं स्कॅन करून अनेक जिल्ह्यांत ऑनलाइन दिलीच आहेत. तोच कित्ता सिडकोच्या आणि महापालिकेच्या फायलींना गिरवता येईल. इमारत म्हटली की कोनशिला आली, उद्घाटन आलं, आणि चार वर्षांनी छत गळायला लागलं. आपल्याकडे बांधकामाला पैसा मिळतो, पगाराला मिळत नाही. एकदा भवन झालं की अभिलेखपालाची जागा रिक्त, बाइंडर निवृत्त, वातानुकूलन रात्री बंद. जपणूक हे रोजचं काम आहे.

शिवाय कागद इथेच असला पाहिजे हा हट्टही मला पटत नाही. १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकातून चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. त्यांतले कोरिया पुढे सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार झाले, बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज त्यांचंच. त्यांनी आपली हजारो रेखाचित्रं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सकडे दिली, २०१३ साली तिथे मोठं प्रदर्शनही भरलं. ती बेलापुरात नाहीत याची हळहळ वाटते, पण ती सुरक्षित आहेत. जिथे सांभाळायची शिस्त आहे तिथे कागद जावा, एवढंच माझं म्हणणं.

आग्रही: पगाराबद्दल तुम्ही बोललात ते शब्दाशब्दाने खरं आहे आणि तिथे माझा काही वाद नाही. इथल्या नव्या विमानतळाच्या पहिल्या टप्प्याला १९,६५० कोटी रुपये लागल्याचं सांगतात. ज्या परिसरात असे आकडे उच्चारले जातात तिथे दहा-वीस प्रशिक्षित माणसांचा कायमचा पगार परवडत नाही, हे कोणी मला सांगू नये. प्रश्न ऐपतीचा नाही, म्हणून पैशाची चर्चा इथेच सोडू.

स्कॅनचं मात्र सोडणार नाही. स्कॅन ही प्रत आहे, जपणूक नाही. फायलीच्या मुखपृष्ठावरची पेन्सिलची खूण, मागच्या पानावरचा शेरा, कोणत्या कागदानंतर कोणता लावला आहे तो क्रम, हे सगळं त्या फायलीचं बोलणं असतं. ठेकेदार पानामागे पैसे घेतो. तो कोरी दिसणारी पाठ स्कॅन करत नाही. आणि सूची नसेल तर लाखो पानांची स्कॅन केलेली रास आणि बंद खोली यांत वाचकाला काय फरक? गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, खातेदार, साल असं शोधता आलं तर उपयोग. ती सूची यंत्र बनवत नाही. बनवेल त्या दिवशीही ती तपासायला माणूस लागेल, ज्याला मोडी येते आणि निवाडा वाचता येतो. शिवाय स्कॅन ज्या सर्व्हरवर आहे तो जुना होतो, फाइलचा प्रकार जुना होतो, दर काही वर्षांनी सगळं नव्याने उतरवावं लागतं. तो खर्चही रोजचाच.

२१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यापासून वर ती पसरत गेली, माणसं गेली, नगरविकासासारख्या खात्यांच्या फायली जळाल्या. सिडको याच खात्याच्या अखत्यारीत येते. त्या वेळी 'आदर्श' प्रकरणाचे कागद गेले की काय अशी भीती सगळ्यांना वाटली, आणि सीबीआयने सांगितलं की ते आपल्या ताब्यात आहेत. मला या घटनेत एक गोष्ट दिसते. कागद वाचला तो दुसऱ्याच्या ताब्यात होता म्हणून. तपासासाठी गेला होता, जपण्यासाठी नव्हे. आपण तेच जाणीवपूर्वक का करू नये?

साशंक: आता तुम्ही माझ्या खऱ्या शंकेजवळ आलात. पैसा, इमारत, स्कॅन या वरवरच्या गोष्टी होत्या. मला सांगा, तुम्ही जे जपायचं म्हणता ते कोणी लिहिलं? भूसंपादन अधिकाऱ्याने. पंचनाम्यावर पंचांच्या सह्या असतात, पण वाक्यं तलाठ्याची आणि सर्कलची. जमीन 'खार' लिहिली की मोबदला कमी. म्हणजे ज्याला तुम्ही मुलखाचं शेवटचं वर्णन म्हणालात, ते वर्णन ज्याला जमीन घ्यायची होती त्याने केलेलं आहे. आणि ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांचं काय? मिठागरात राबणारा मजूर, डोंगरकपारीतला कातकरी, खाडीत डोल लावणारा कोळी. खाडीला सातबारा नसतो. बाईचं नाव वारस म्हणून लागलं तर लागलं, बहुतेकदा हक्कसोडपत्रावरचा अंगठा म्हणूनच. तुमच्या शीतकोठडीत ही सगळी माणसं गैरहजर असतील. आणि पन्नास वर्षांनी येणारा संशोधक म्हणेल, पुराव्यात ती दिसत नाहीत.

याचं ताजं उदाहरण आपण बघितलं. २७ जानेवारी २०२४ला मराठा आरक्षणाचा मोर्चा वाशीत येऊन थांबला, तिथेच तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या हातून मोर्चाच्या नेत्याचं उपोषण सुटलं. कुणबी म्हणून आरक्षण मिळावं या मागणीच्या मुळाशी काय होतं? नोंदी. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती २०२३पासून तहसिलांतली जुनी रजिस्टरं, कोतवाल बुकं, शाळांची निर्गम रजिस्टरं धुंडाळत होती. कुणबी म्हणून ५४ लाखांवर नोंदी सापडल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. मोडी वाचणाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलावणी गेली. मागणी बरोबर की चूक, हा आज आपला विषय नाही. पण शंभर वर्षांपूर्वी एका कारकुनाने कोणत्या रकान्यात काय लिहिलं, आणि त्या गावचं रजिस्टर वाळवीने खाल्लं की नाही, यावर आजच्या मुलाचं ॲडमिशन ठरावं? ज्याचा कागद टिकला तो एका बाजूला, ज्याचा गेला तो दुसऱ्या. अभिलेखागार वाढवणं म्हणजे कागदाची ही सत्ता वाढवणं, असं मला वाटतं.

आग्रही: या आक्षेपाला मी उडवून लावू शकत नाही. पण त्याच उदाहरणातून मला नेमकी उलटी गोष्ट दिसते. कागदाची सत्ता आपण जपणूक केली नाही तरी राहतेच. फक्त मग ती नशिबाची सत्ता होते. रजिस्टर टिकलं का, कोणाच्या ओळखीचा कारकून होता का, यावर सगळं जातं. सगळ्यांचेच कागद टिकले, सगळ्यांनाच एकाच खिडकीवर बघता आले, तर निदान नशीब आणि वशिला हे दोन घटक बाजूला होतील.

आणि सत्तेने स्वतःसाठी लिहिलेले कागद पुढे सत्तेच्याच हातात राहतात असं नाही. पेशवे दफ्तर बघा. इंग्रजांनी ते इतिहासावरच्या प्रेमाने सांभाळलं नाही. इनामं तपासायची होती. १८५२च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनने त्याच कागदांच्या आधारे दख्खनेतल्या आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या किती घराण्यांची इनामं काढून घेतली. म्हणजे आपल्या सर्वांत मोठ्या दफ्तराची मांडणीच जप्तीसाठी झाली. १८९१ साली त्यासाठी पुण्यात इमारत बांधली, आणि पुढे कितीतरी वर्षं देशी अभ्यासकांना आत सहज प्रवेश नव्हता. पण ते टिकलं. १९३०पासून चार-पाच वर्षांत गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापून आले. आज रुमालांत बांधलेल्या त्या कोट्यवधी कागदांतून कोणी दुष्काळाचा अभ्यास करतो, कोणी बलुत्यांचा, कोणी बायकांवरच्या खटल्यांचा. ज्यांनी ते बांधून ठेवले त्यांच्या स्वप्नातही यातलं काही नव्हतं. भूसंपादनाच्या फायलींचंही असंच होईल. त्यांत पंचनामा आहे तसे हरकतीचे अर्जही आहेत. कोणी तरी वकिलाकडून, शाळामास्तराकडून लिहून घेतलेले, वाकडी सही केलेले. त्या अर्जांत गाव बोलतं.

साशंक: अर्ज फेटाळला, एवढाच शेरा त्याखाली असतो.

आग्रही: असू दे. फेटाळलेला अर्जही अर्ज आहे. आणि जे कागदावर आलंच नाही त्यासाठी दुसरी वाट आपल्याच परंपरेत आहे. सरकारी दफ्तराचं दार बंद असताना विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी काय केलं? गावोगाव हिंडून घराघरांतली दफ्तरं पाहिली, १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने बावीस खंड काढले. १९१०ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते घरोघरच्या कागदांच्या भरवशावर. नवी मुंबईच्या अभिलेखागाराला मी तशीच दोन अंगं मानतो. एक सरकारी कागद, दुसरं लोकांकडून आलेलं. जासईच्या १६ आणि १७ जानेवारी १९८४च्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या, संपादित जमिनींसाठीच्या त्या आंदोलनात जे तरुण होते ते आज पासष्टी-सत्तरीत आहेत. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण त्या लढ्यातून आलं. ते पुढे इतर प्रकल्पांच्या वाटाघाटींतही मागितलं गेलं. त्या माणसांची तोंडी साक्ष कोण घेतंय? चिरनेरच्या १९३०च्या जंगल सत्याग्रहातला साक्षीदार आता कोणीच उरला नाही, तिथे आपल्याला पोलिसांच्या आणि कोर्टाच्या कागदांवरच भागवावं लागतं. जासईचं तसं होऊ द्यायचं का? लग्नातले धवळे म्हणणाऱ्या धवलारिणी, मिठागरातले शब्द जाणणारी माणसं, डोल आणि वाणा लावणारे कोळी, यांचं बोलणं नोंदवणं हेही अभिलेखागाराचंच काम.

साशंक: ते काम व्हावं याबद्दल माझं दुमत नाही, ते आजच सुरू व्हावं. पण ते कोणाच्या छताखाली? इथे तुमच्या सगळ्या मांडणीला एक गाठ आहे. काय ठेवायचं आणि काय नष्ट करायचं हे कोण ठरवतं? सरकारी कार्यालयांत अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. 'अ' कायमचं, 'ब' तीस वर्षं, 'क' पाच-दहा वर्षं, 'ड' एक वर्ष. मग निंदणीकरण, म्हणजे नष्ट करणं. वर्गवारी करतो तो त्याच कार्यालयातला माणूस. शंभर दिवसांत कार्यालयं स्वच्छ करा असा आदेश आला, की गठ्ठे झपाट्याने बाहेर निघतात. कायदा संरक्षण देतो म्हणाल, तर केंद्राच्या १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात १८९२ पूर्वीचा कागद सहसा नष्ट करता येत नाही असं कलम आहे. चांगलं आहे. पण नवी मुंबईचा जन्मच १९७०चा. त्या रेषेच्या आत तिचा एकही कागद येत नाही. राज्याचाही २००५चा कायदा आहे. त्याच वर्षी माहितीचा अधिकारही आला, ज्यात सगळे अभिलेख सूची करून ठेवावेत असं पहिल्या काही कलमांतच लिहिलं आहे. आणि तरी 'अभिलेख आढळून येत नाही' हे उत्तर अर्ज करणाऱ्या कोणालाही अनोळखी नाही.

आता पुढचं बघा. या शहरात वाद कोणाचे आहेत? मोबदल्याचे, साडेबारा टक्क्यांच्या वाटपाचे, गावठाणाच्या हद्दीचे, गरजेपोटी बांधलेल्या घरांचे. या प्रत्येक वादात एक बाजू गावकऱ्याची आणि दुसरी सिडकोची किंवा शासनाची. कागदही दुसऱ्या बाजूकडेच. तुम्ही ज्या निधीच्या जोरावर पुराभिलेखागार काढणार तोही बहुतेक तिथूनच येणार, कारण भूखंड विकून पैसा उभा करणारी तीच संस्था. मंत्रालयाच्या आगीत कागद वाचला तो दुसऱ्याच्या ताब्यात होता म्हणून, असं तुम्हीच म्हणालात. मग इथे तो दुसरा कोण?

आग्रही: यासाठीच मी सिडकोचं अभिलेखागार म्हणत नाही, सार्वजनिक म्हणतो. निधी एकदाच कायमचा बाजूला काढावा, व्याजावर पगार चालावेत, दरवर्षी हात पसरायला लागू नये. कारभार पुराभिलेख संचालनालयाच्या देखरेखीखाली, मंडळावर प्रकल्पग्रस्तांचे प्रतिनिधी, इतिहासाचे अभ्यासक, एखादे निवृत्त न्यायाधीश. निंदणीकरणाआधी नष्ट करायच्या फायलींची यादी गावनिहाय प्रसिद्ध व्हावी, हरकतीला मुदत असावी. संस्थेने पैसा द्यावा पण किल्ली ठेवू नये. गोव्याकडे बघा. पोर्तुगीजांनी १५९५ साली दियोगु द कोतु यांना दफ्तराचा रक्षक नेमलं. राज्यकर्ते गेले, ते दफ्तर गोव्यात राहिलं आणि आज पणजीत कोणीही ते मागून बघू शकतो. संस्था मालकापेक्षा जास्त जगू शकते, जर तिची रचना सुरुवातीपासून वेगळी असेल.

साशंक: गोव्यात राज्यकर्ते गेले, हे तुम्ही अलगद म्हणून गेलात. पेशवे दफ्तर खुलं झालं तेव्हा पेशवाई जाऊन शंभरावर वर्षं झाली होती, इनामदारांचे वारसही थकले होते. आपल्याकडचे वाद चालू आहेत. फाइल उघडली की कोणत्या भावाने कोणत्या बहिणीचा हिस्सा लपवला ते दिसणार. कोणी संघर्ष समितीत भाषणं करून आधीच चेक उचलला होता ते दिसणार. गावातल्या गावात भांडणं पेटतील. लोक तुमच्या विरोधात गेले तर ते अज्ञानामुळे गेले असं म्हणू नका. त्यांनी एक अभिलेख कायम पाहिला आहे: त्यांच्याविरुद्ध वापरला जाणारा.

आग्रही: काही फायलींना पंचवीस-तीस वर्षांचं कुलूप ठेवता येईल. वारसांची खासगी माहिती झाकता येईल. जगभरात हे करतात.

साशंक: कुलूप कोण लावणार, हा प्रश्न पुन्हा तिथेच येतो. आणि लोकांकडून घ्यायच्या कागदांचं काय? गावातल्या जुन्या घरांत पेट्या आहेत. कलम ९ची मूळ नोटीस, निवाड्याची नक्कल, मोर्चाचे फोटो, दि. बां.ची पत्रं असतील. तुमचा माणूस दारात आला तर घरातला कर्ता काय करील? झेरॉक्स देईल. मूळ कागद देणार नाही, आणि मी त्याला तसाच सल्ला देईन. उद्या वारसाचा दावा उभा राहिला तर मूळ कागदाशिवाय तो उघडा पडेल.

आग्रही: मग अभिलेखागारात सरकारचे मूळ कागद आणि गावाच्या झेरॉक्स, अशी विभागणी होईल. पुढचा न्यायाधीश, पुढचा इतिहासकार मुळालाच जास्त वजन देईल. तुम्ही ज्या असमानतेबद्दल इतकं बोललात तीच तुमच्या सल्ल्याने पक्की होईल.

साशंक: होईल. ते मला दिसतं आहे. पण मूळ कागद द्यायला सांगायचा हक्क तुम्हाला कधी मिळेल? तुमचं मंडळ एकदा तरी सिडकोच्या किंवा शासनाच्या विरोधात जाणारा कागद वेळेत, पूर्ण, कोर्टात टिकेल असा काढून देईल तेव्हा. त्याआधी विश्वास मागू नका.

आग्रही: आणि तो कागद काढून द्यायचा तर तो आधी आमच्याकडे आलेला असला पाहिजे, सूचीत असला पाहिजे, वाळवीने खाल्लेला नसला पाहिजे. म्हणजे विश्वासाआधी संस्था लागते, आणि तुम्ही म्हणता संस्थेआधी विश्वास. तोवर मेट्रो सेंटरातला कागद पिवळा पडत राहणार आणि पेटीतलाही. ठीक आहे, मग सुरुवात सूचीपासून करू. इमारत नको, मूळ कागदही नको. ९५ गावांची नुसती यादी: कोणत्या कार्यालयात कोणत्या गावाची किती प्रकरणं आहेत, कोणत्या सालची, कोणत्या अवस्थेत. ही यादी करायला कार्यालयांनी दारं उघडली, तर तुम्ही गावाकडच्या पेट्यांची अशीच यादी करायला मदत कराल का? कागद न देता, फक्त काय आहे एवढं सांगून?

साशंक: पहिली यादी कोण प्रसिद्ध करतं ते बघून सांगेन. त्यांनी आधी केली, तर आमची पुढच्या महिन्यात तयार असेल. आमची आधी मागितली, तर नाही.